बारा आठवड्यांच्या पुड्या

सोमवार, १६ ऑक्टोबर २०२३

एकशे बारा किलो.

शाळेत सिस्टर बर्नडीन सांगायच्या, जी गोष्ट लिहायची लाज वाटते ती वहीत आधी लिहा, म्हणजे बाकीचं पान हलकं जातं. लिहिली. पान काही हलकं झालं नाही, पण सिस्टरांचा शब्द मोडला नाही एवढं समाधान.

गुडघा दाखवायला हॉस्पिटलात गेले होते. डॉक्टर कग्वा नवे आहेत, वयानं आमच्या रेस्टीएवढे. त्यांनी मला काट्यावर उभं केलं आणि नर्सनं आकडा मोठ्यानं वाचला. बाकावर बसलेल्या बायकांनी कौतुकानं माना हलवल्या. आमच्या मसाका गावात एवढं वजन म्हणजे घरात देवाच्या दयेनं काही कमी नाही. डॉक्टरांना मात्र ते काही केल्या कौतुकाचं वाटेना. रक्तातली साखर फार वर गेली आहे, आणि वीस किलो उतरल्याशिवाय गुडघ्याला कोणी सुरी लावणार नाही, असं ते म्हणाले.

मग त्यांनी एक खोकं काढलं. त्यात पुड्या. दिवसाला चार, दोन दुधासारख्या आणि दोन सुपाच्या. पाण्यात कालवायच्या आणि प्यायच्या. असं बारा आठवडे. दुसरं काही तोंडात घालायचं नाही. वाफवलेली केळी नाहीत, रताळं नाही, शेंगदाण्याचं कालवण नाही. बारा आठवड्यांनी हळूहळू एकेक पदार्थ परत.

मी विचारलं, "मग चावू काय?"

"बाई, तुमच्या दातांनी साठ वर्षं नोकरी केली. त्यांना सुट्टी द्या."

साखर इतकी खाली येते की कित्येकांना गोळ्याच लागत नाहीत, असंही ते म्हणाले. पण घाई करू नका. विचार करा, घरी बोला, महिन्याभरात कळवा. सुरू करायच्या दिवशी आधी माझ्याकडे यायचं, तुमच्या साखरेच्या गोळ्यांचं मी बघतो. चव पाहायला म्हणून बारा पुड्या दिल्या. त्या कपाटात, चादरींच्या मागे ठेवल्या आहेत. चोरीचा माल लपवावा तशा का ठेवल्या, ते मलाच कळत नाही.


बुधवार, १८ ऑक्टोबर

रेस्टीचा कंपालाहून फोन. ती प्रयोगशाळेत रक्तं तपासते, तिला आकड्यांचं सगळं कळतं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, आई, कर. एवढंच. मी तिची मावशी, पण आमच्याकडे आईची बहीण ही आईच, आणि तिला दुसरी आई आठवतही नाही.

ईस्टरनंतरच्या शनिवारी तिच्या सासरचे लोक रीतसर घरी येणार, पाहुण्यांची ओळखदेख, मागणी, सगळं. त्या दिवशी घरच्या बायका गुडघे टेकून पाहुण्यांचं स्वागत करतात. मला तीन वर्षं नीट टेकता आलेले नाहीत. चर्चमध्ये सगळे खाली जातात आणि मी एकटी बाकावर, धान्याच्या पोत्यासारखी. मागच्या नाताळात हट्टानं टेकले तर उठवायला दोघांना यावं लागलं, आणि त्यातला एक उपदेशक होता, त्याला उपदेश थांबवावा लागला.

शाळेत सिस्टर शिक्षा म्हणून गुडघ्यांवर बसवायच्या. माझा नंबर फार यायचा नाही. माझ्या बहिणीचा, गोरेटीचा, रोज. ती गुडघ्यांवर बसूनसुद्धा मला वेडावून दाखवायची.


शनिवार, २१ ऑक्टोबर

टेडीच्या दुकानात गेले. थिओडोरा हे तिचं खरं नाव, पण शाळेपासून टेडीच. चाळीस वर्षं गोमेसी, आमचे सणासमारंभाचे पायघोळ झगे, शिवते आहे. मसाकातल्या कुठल्या बाईच्या अंगावर कुठे किती आहे ते तिला फादरपेक्षा जास्त ठाऊक. ईस्टरसाठी माझं माप घ्यायला बसली, तेव्हा मी पुड्यांचं सांगितलं.

आधी हसली. म्हणाली, काळजी कशाला, गोमेसीच्या आत कमरेला गुंडाळायचं जाड कापड असतंच, पाच किलो उतरले की आणखी एक चादर गुंडाळ, दहा उतरले की दोन. "वीस उतरलेस तर गादीच घालते आत. कोणाला पत्ता लागणार नाही. फक्त बसताना जपून."

मीही हसले. मग तिनं टेप गळ्यात टाकली, दार लोटलं आणि हळू आवाजात बोलली.

"पर्पे, मस्करी जाऊ दे. आपल्या गावात भराभर बारीक झालेली माणसं कुठं गेली, तुला नव्यानं सांगायला नको. लोक तुला काही विचारणार नाहीत. नुसते बघतील. आणि रेस्टीच्या सासरचे तर बघायलाच येणार आहेत."

हेच मी पाच दिवस स्वतःला बोलू देत नव्हते.

माप लिहू नको, असं सांगून परत आले. येताना केळीच्या पानात बांधून शिजवलेलं कोंबडीचं कालवण दिलं तिनं. सगळं खाल्लं.


गुरुवार, २ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. गोरेटीच्या थडग्यावरचं गवत काढलं. म्हणजे शेजारच्या मुलीनं काढलं, मी स्टुलावर बसून कुठलं काढायचं ते दाखवलं.

हे कधी लिहिलेलं नाही. आज लिहिते.

त्या वर्षांत आजाराचं नावच 'स्लिम' होतं. एड्स हे दुसरं नाव आमच्याकडे नंतर आलं. माणूस आधी सडपातळ व्हायचं, मग कपडे मोठे व्हायचे, मग नुसते डोळे राहायचे. रेस्टीचे वडील आधी गेले. मग गोरेटी माझ्याकडे आली, अडीच वर्षांच्या पोरीला घेऊन. मी चौतीस वर्षांची, वजन पंचावन्न किलो. शाळेत मला काडी म्हणत.

ती एकाहत्तर दिवस माझ्याकडे होती. गिळता येत नव्हतं. तोंड आतून सोलून निघालेलं. मी रोज काहीतरी करायचे, मऊ, पातळ, तिला आवडेल ते. ती वास घ्यायची आणि ताट माझ्याकडे सरकवायची. "पर्पे, तू खा. मी बघते." मग मी खायचे. तिच्यासमोर, सावकाश, बोटं चाटत. तिचे डोळे माझ्या तोंडावरून हलायचे नाहीत. ताट रिकामं झालं की म्हणायची, अजून घे ना. मी घ्यायचे. शेवटच्या आठवड्यात तर दोन-दोन ताटं. शेवटच्या दिवशीसुद्धा.

मी सगळ्यांना सांगितलं, छातीचा आजार होता. फादरना, शाळेत, शेजारी. कोणी उलट विचारलं नाही, कारण प्रत्येकाच्या घरात कोणीतरी छातीच्या आजारानं गेलेलं होतं. रेस्टीला तीनदा तपासून आणलं. तिला काही नव्हतं. अठरा वर्षांची झाली तेव्हा तिला खरं सांगितलं आणि शपथ घातली, हे कोणाकडे बोलायचं नाही, लग्न ठरेल त्या माणसाकडे तर नाहीच.

आता ईस्टरनंतर पाहुणे येणार आणि रेस्टीची दुसरी आईसुद्धा वीस किलो वाळलेली त्यांना दिसणार. कोणीतरी दोन आणि दोन जोडेलच. माझा गुडघा मोठा की पोरीचा संसार?

माझी भूक मात्र तेव्हापासून चांगली आहे, देवाची कृपा. ताटात कधी काही टाकवत नाही.


सोमवार, ६ नोव्हेंबर

डॉक्टरांना नाही म्हणून सांगायचं असं काल चर्चमध्ये ठरवलं. सगळे गुडघ्यांवर होते. तिथे बसल्या बसल्याच ठरलेलं पुन्हा मोडलं.

तर असं केलं आहे. बारा पुड्या म्हणजे तीन दिवस. कोणाला न सांगता तीन दिवस करून पाहते. जमलंच नाही तर प्रश्नच मिटला, आणि मी प्रयत्न केला नाही असंही होणार नाही.

पहिली पुडी: चव ओल्या पुठ्ठ्याची. पुठ्ठ्याला व्हॅनिला लावलेला. दुपारची सुपाची बरी होती, म्हणजे वाईट होती, पण खारट.


मंगळवार, ७ नोव्हेंबर

नाकतोडे आले. याच आठवड्यात यायचे होते. टेकडीवर पत्र्यांचे सापळे लागले आहेत आणि सकाळपासून प्रत्येक कोपऱ्यावर बायका पंख-पाय खुडत बसल्या आहेत. कांदा घालून तळल्याचा वास सगळ्या गावावर. शेजारणीनं कप भरून पाठवला. आमच्याकडे आलेल्या अन्नाला नको म्हणत नाहीत, निदान बोट तरी लावायचं. बोट लावलं. बोट चाटलं नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण याचं श्रेय मला दुसरं कोणी देणार नाही.

डोकं थोडं दुखतं. साखरेवरच्या दोन्ही गोळ्या वेळेवर घेतल्या. पुड्या लपवून घेते आहे, त्यात गोळ्याही चुकवल्या तर ती डॉक्टरांची सरळ अवज्ञाच झाली.


शुक्रवार, १० नोव्हेंबर

घरीच आहे. हात अजून थोडा थरथरतो, अक्षराकडे दुर्लक्ष करावं.

बुधवारी दुपारी गायनवृंदाची तालीम होती. उभी राहिले, आणि सूर वर जायच्या ऐवजी छप्परच खाली यायला लागलं. घाम, अंधार. मी पडले. म्हणजे पडले नाही. मागच्या रांगेतून कोणीतरी झेपावलं आणि मला काखेत धरलं. शुद्धीवर आले तेव्हा मोटारीत होते, आणि चालवणारा गोंझागा होता.

गोंझागा, रेस्टीचा होणारा नवरा. तिसरीत मी त्याला शिकवलं, आता कॉफीच्या कारखान्यात आहे आणि गायनवृंदात खर्जात गातो. सबंध गावात ज्या एका पुरुषानं मला हात लावता कामा नये, त्यानंच मला उचललं. सासू-जावयानं एकमेकांना शिवायचं नाही, एका खोलीत बसायचं नाही, नाहीतर अंगाला कायमचा कंप सुटतो. सोयरीक व्हायची आहे, पण पाळायचं आतापासूनच. बिचाऱ्याला पाळायला वेळच मिळाला नाही.

डॉक्टर कग्वांनी शिरेतून साखर दिली. मग विचारलं, आणि मी सगळं खरं सांगितलं. ते कपाळाला हात लावून बसले.

"बाई, पुड्यांत साखर इतकी थोडी, आणि वर तुम्ही साखर पाडणाऱ्या गोळ्या पूर्ण घेतल्यात. म्हणून तर म्हटलं होतं, आधी माझ्याकडे या. पहिल्या दिवशी मी तीच गोळी बंद करतो."

मी म्हटलं, मला वाटलं दोन्ही आज्ञा पाळलेल्या बऱ्या.

ते म्हणाले की अशी आज्ञाधारक पेशंट त्यांना पुन्हा मिळू नये. मग मऊ आवाजात सांगितलं की हे माझ्या शरीरानं नाकारलेलं नाही. नीट केलं तर होईल. हवं असेल तर.


रविवार, १२ नोव्हेंबर

आज चर्चमध्ये, रविवारच्या मिस्सेत, आजाऱ्यांच्या यादीत माझं नाव वाचलं. पर्पेटुआ नबाकूझा. तिसरं, मरणपंथाला लागलेल्या म्हाताऱ्या दोघांच्या लगेच नंतर. मी बाकावर बसून स्वतःसाठी "प्रभो, ऐक" म्हटलं.

दारात केळीचे तीन घड, एक मोठा फणस, अंड्यांची टोपली. बायका येतात, बसतात, माझ्या मनगटांकडे बघतात. एकीनं हात हातात घेतला आणि सोडायच्या आधी अंगठ्यानं हाड चाचपलं. पावणेदोन किलो उतरलं आहे. पावणेदोन! ज्याला भ्यायले ते बारीक न होताच झालं.

टेडी म्हणाली, "आता तरी हो बारीक. बदनामी तर आधीच घेऊन बसलीस, फुकट कशाला घालवतेस?" आणि वर, गोंझागानं कोंबडी आणून शिवाशिव निस्तरायला हवी, आणि मी त्याला कापड द्यायला हवं, ते ती दुकानातून पाठवते. रेस्टी काल आली होती. गोंझागाला मी काय तोंड दाखवू, असं मी म्हटलं तर ती हसली. दाखवायचंच नाही आहे, रीत तीच आहे, म्हणाली.


शनिवार, १८ नोव्हेंबर

गोंझागा आला. तांबडी कोंबडी, पायांना केळीचा सोप बांधलेला. तो घराच्या कोपऱ्याला, भिंतीच्या पलीकडे स्टुलावर बसला. मी आत खिडकीशी, पडदा ओढून. मला त्याचा एक बूट आणि कोंबडी दिसत होती.

"बाई, हातांना कंप सुटला का?"

"नाही. तुझ्या?"

"हातांना नाही. पाठीला सुटलाय. एकशे बारा किलो, बाई."

रागवावं असं मनात येण्याआधीच हसू आलं. मी म्हटलं, एकशे दहा.

पडदा वाऱ्यानं थोडा हलत होता. शाळेत शनिवारी फादरांपुढे पापांची कबुली द्यायला असंच बसायचो, मध्ये जाळी, पलीकडे नुसता एक कान. तिथे बसून खोटं बोलणं मला कधी जमलं नाही. आजही नाही. मी ठरवलं नव्हतं, तोंडातून निघालंच.

"गोंझागा, रेस्टीची आई छातीच्या आजारानं गेली नाही."

बूट हलला नाही. मला वाटलं, आता उठेल. उठला तर रेस्टीला काय सांगायचं याची वाक्यं मी मनात जुळवायला लागले होते.

"मला माहीत आहे, बाई."

"रेस्टीनं सांगितलं?"

"पहिल्याच महिन्यात. मीपण तिला सांगितलं. माझी आई त्या गोळ्या घेते. अठरा वर्षं झाली. रोज सकाळी, चर्चची घंटा झाली की."

त्याची आई मी बाजारात कितीदा पाहिली आहे. टोमॅटोच्या ढिगामागे बसली की ढीग दिसत नाही.

"पण ती तर माझ्याहून..."

"जाड आहे. हो. बारीक व्हा असं तिला डॉक्टरनं एकदा म्हटलं होतं. ती म्हणाली, बारीक झाले होते बाबा एकदा, तेवढं पुरे."

मला हसू येत होतं आणि मी रडत होते. पडदा होता ते बरं झालं. एकोणतीस वर्षं मी ज्या दाराला आतून पाठ लावून उभी होते, ते बाहेरून केव्हाच उघडलेलं होतं, आणि लोक सुखानं ये-जा करत होते.

तो म्हणाला, पाहुणे आले की त्याची आईच सगळ्यांच्या पुढे असेल, आणि बाई बारीक कशानं झाल्या असं कोणी कुजबुजलं तर उत्तर द्यायला ती मोकळीच आहे, तिचा आवाज मोठा आहे. मी खिडकीच्या कठड्यावर कापड ठेवलं. एक हात आला आणि घेऊन गेला. चांगला हात आहे. अजिबात थरथरत नव्हता.

संध्याकाळी रेस्टीला फोन केला. शपथ मोडलीस, म्हटलं. मोडली, म्हणाली. आयुष्यात एकच अवज्ञा केलीस, ती चांगली केलीस, असं सांगून फोन ठेवला.


सोमवार, २० नोव्हेंबर

डॉक्टरांकडे गेले. हो म्हटलं. आधी पाहुण्यांच्या दिवसासाठी म्हणणार होते. पण कोणासाठी असं त्यांनी विचारलं तेव्हा तोंडून निघालं, माझ्यासाठी. गुडघ्यांसाठी. कुठे टेकायचे ते मी ठरवीन.

त्यांनी दर आठवड्याला रक्त, दर आठवड्याला काटा असं वेळापत्रक लिहून दिलं. कुठली गोळी बंद, कुठली चालू, ते मला तीनदा मोठ्यानं वाचायला लावलं. मुलांना पाढे म्हणायला मीही असंच लावायचे.

टेडीला सांगितलं, माप मार्चमध्ये घे. ती म्हणाली, मग गादी कापायला घेत नाही अजून.


शनिवार, २५ नोव्हेंबर

पहिला दिवस. काट्यावर एकशे अकरा. त्या रविवारी सगळ्यांनी आणलेलं अन्न परत पाठवता आलं नाही, त्यातला एक किलो तो असावा.

सकाळी हॉस्पिटलात रेस्टी बरोबर होती. बंद करायच्या गोळीचं पाकीट डॉक्टरांनी स्वतः काढून खणात टाकलं. घरी येऊन पहिली पुडी कालवली. पुठ्ठा. पण ओळखीचा पुठ्ठा.

दुपारी ओसरीवर बसलो. रेस्टी सारखी आपल्या पिशवीकडे बघत होती आणि पाय हलवत होती, लहानपणी काही लपवलं की हलवायची तशी. वास तर मला ती फाटकातून आत आली तेव्हाच आला होता. तळलेले नाकतोडे, कांदा, थोडी मिरची. हंगामाचे शेवटचे. कंपालात असे मिळत नाहीत, तिनं वाटेत घेतले आणि मग माझी आठवण होऊन पिशवीत कोंबले.

मी म्हटलं, काढ ते. ती म्हणाली, नको, तुझ्यासमोर कशी खाऊ, मीपण बारा आठवडे खाणार नाही. तोंडाची ठेवण हुबेहूब गोरेटीची. हट्ट करतानाची.

मी पिशवीतून पुडकं काढलं, सोडलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

"तू खा," मी म्हटलं. "मी बघते."

तिनं एक उचलला, मग दुसरा. मग विसरून मुठीनं खायला लागली. ओठाला तेल, हनुवटीला कांदा. मी सूप हातात धरून बघत राहिले. बराच वेळ. सूप थंड झालं ते कळलं नाही.

मला इतकी वर्षं वाटायचं, गोरेटी माझं मन राखायला तसं म्हणत होती. नाही. बघायला खरंच बरं वाटतं.

"अजून घे ना," मी म्हटलं.